बारामतीत हिरवं, इंदापुरात लाल

पणदऱ्यात गोठ्यासमोर दोन दारांची लाल गाडी उभी आहे. तिच्याखालून कोंबडी जायची तर मान खाली घालून.

आतून खाल्लेला टायर बाहेरून नवाच दिसतो.

बारामती-इंदापूर रस्त्यावर लासुर्ण्याजवळ ट्रॉलीतून पडलेला ऊस उचलायला एक बाई थांबते. इकडेतिकडे बघते. मग उचलत नाही.

दोन भाऊ. इकबालचं टायरचं दुकान बारामतीत, आफताबचं इंदापुरात. ईदला दोघं आईकडे जातात, वेगवेगळ्या वेळी.

इकबालच्या बायकोच्या, सलिमाच्या फोनमध्ये एक नंबर ‘गॅस एजन्सी’ म्हणून ठेवलेला आहे.

लाल गाडी ऋषिराजची. घरचा ऊस, घरच्या म्हशी, आणि पुण्यातून जुनी घेतलेली ही स्पोर्ट्स कार. इकबालने तिची अलाइनमेंट करून दिली होती, म्हणजे चाकांची तोंडं सरळ लावून दिली होती. टायरही तेव्हा नवे होते. दोन महिन्यांत गाडी परत दारात.

“इकबालभाई, खाली वाकून बघा.”

“तुझ्या गाडीला वाकूनच बघावं लागतंय. उभ्यानं नुसता टप दिसतो.”

पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला झिजून दोऱ्यापर्यंत गेले होते.

“इंदापूरला दाखवली,” ऋषिराज म्हणाला. “आफताबभाईंकडं. त्यांच्या मशीनवर सगळं लाल. म्हणले, चाकं फाकल्यात.”

इकबालने गाडी मशीनच्या पट्ट्यांवर घेतली, चारही चाकांना सेन्सर चढवले. पडद्यावर चार आकडे उमटले. चारही हिरवे.

“हे बघ. हिरवं हाय.”

“मग टायर कुणी खाल्लं? म्हशीनं?”

कुणी खाल्ले हे इकबालला कळलं होतं. गाडी इंदापूरला गेली, आफताबने पाना लावला, चाकं फाकवली, टायर खाल्ले गेल्यावर परत हिरव्यावर आणली, आणि बोट दाखवलं भावाकडे.

हे नीट बसत नाही, हेही त्याला कळत होतं. गाडी इंदापूरला गेली ती टायर खाल्ले गेल्यानंतर.

पण ही गाडी आपल्याकडची हे आफताबला आधीच कुणी सांगितलं नसेल, आणि त्याने ती तेव्हाच गाठली नसेल कशावरून?

पुण्याहून नवे टायर आले. त्या मापाचे बारामतीत मिळत नाहीत. इकबालने ते चढवले, गाडी पुन्हा मशीनवर घेतली, पुन्हा हिरवं केलं. ऋषिराज चहाला गेला तेवढ्यात तो गाडीखाली शिरला. चाकाचं तोंड ज्या नटाने फिरतं, त्या नटावरून दांडीपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली. नट जरा फिरला तर रेघ तुटणार.

“जा, इंदापूरला परत दाखव. नुसती दाखव. हात लावू देऊ नको.”

“माझ्या गाडीवर तुमच्या भावाभावांची कोर्टकचेरी चाललीय व्हय?”

“जा म्हणतो ना.”

संध्याकाळी गाडी आली. इकबाल हातबॅटरी घेऊन खाली शिरला. रेघ अखंड होती.

“काय म्हणला तो?”

“परत लाल. म्हणले, टायर नवं हायत म्हणून दिसत न्हाय, हे बी जातील. आन् म्हणले, भावाला विचार, मशीनला दांडा कधी लावला हुता?”

इकबाल गाडीखालीच राहिला.

मशीनचा एक लांब लोखंडी दांडा असतो. सेन्सर त्याच्यावर चढवून मशीनचं स्वतःचं माप खरं करायचं असतं. अब्बा असताना ते अब्बाच करायचे. वाटणीत मशीन इकबालकडे आलं. कॉम्प्रेसर, टायर उघडायचं यंत्र आणि सुटं लोखंड आफताबकडे गेलं; मशीन त्याने नंतर स्वतःचं घेतलं. गेल्या वर्षी इकबालने दुकान नव्या जागेत हलवलं, मशीनही हलवलं; त्यानंतर दांडा लावलाच नव्हता.

म्हणजे दांडा तिकडे. म्हणजे मशीन मला, आणि मशीनचा खरेपणा त्याला.

आणि हे खरं असेल तर? वर्षभर या पडद्यावर हिरवी करून सोडलेली डॉक्टरांची गाडी, दुधाचे टेम्पो, शाळेची बस.

तो बाहेर आला आणि बायकोला हाक मारली.

“सलिमा, सुतळी आण.”

अब्बांनी मशीनच्या आधी सुतळीवरच धंदा केला होता. सलिमाने मागच्या चाकापाशी टोक धरलं, इकबालने पुढे ताणलं. पुढच्या चाकाच्या दोन्ही कडांपासून सुतळी सारख्याच अंतरावर असायला हवी. पुढच्या कडेला ती घासत होती. मागच्या कडेला बोट सहज जात होतं. दुसऱ्या बाजूला गेले. तिथेही तेच. चाकं खरंच फाकलेली होती.

सलिमाचा फोन वाजला. तिच्या हातात सुतळी होती म्हणून इकबालने उचलून पाहिला.

“गॅस एजन्सी. गॅस तर परवाच आला.”

सलिमाने फोनसाठी हात पुढे केला.

त्याने फोन कानाला लावला. पलीकडून शबीना, आफताबची बायको: “भाभी, हे दांडा पुसून ठिवत्यात. भाईजानना पाठवा, म्हणत्यात.”

त्याने फोन खाली ठेवला. “कधीपासून चाललंय हे?”

“तुमचं बोलणं बंद झालं त्या दिवसापासनं. घरात कुणीतरी बोलाया नको?”

ऋषिराजने गाडीचं दार उघडलं. इकबाल आत बसला, जमिनीवर बसल्यासारखा. गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली.

इंदापुरात आफताब दारातच उभा होता. दांडा हातात.

“घे.”

इकबालने घेतला. एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

“वाकडा न्हाय तो,” आफताब म्हणाला.

“बघू दे.”

“बघ. पोटभर बघ.”

“तुला ठावं हुतं. वाटणीत मुद्दाम घेतलास. माझं नाव जावं म्हणून.”

“आता मी काय बी सांगितलं तरी तुला लालच दिसणार.”

“सांगून तर बघ.”

आफताबने सांगितलं नाही. तो आत गेला आणि पंक्चर काढायला बसला.

दोन दारांच्या गाडीत दांडा मावेना. शेवटी काच खाली करून अर्धा बाहेर काढला, अर्धा इकबालने मांडीवर धरला. गाडी निघाली तसा तो आरशात बघत राहिला. आफताब हसतोय का ते त्याला बघायचं होतं. आरशात दुकान दिसलं, माणूस दिसला नाही.

“उद्या सगळ्या गाड्या परत बोलवायच्या,” तो म्हणाला.

“सगळ्या?”

“शाळेची बस पैली.”

वाटणीच्या दिवशी आफताबने तो दांडा नुसता शटरला टेकू द्यायला मागून घेतला होता; मशीनचं तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हतं.