दोन गाड्या आणि एक कान

"सांगून पटायचं नाही कुणाला, पण आज मी दोन गाड्यांची नाडी पाहून आलो," म्हणत मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. शेजारचा शिंपी सरसावून बसला. आत लेक भांडी घासत होती; तिलाही ऐकू जावं इतका मिस्त्रींचा आवाज चढलेला होता. हल्ली तो तसाच असायचा.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला नि मूठ कानाला लावून मिस्त्रींनी चाळीस वर्षं गाड्यांची दुखणी ओळखली होती. आता लेकीला घरोघरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवायला गाडी हवी होती, तीही बॅटरीवरची. आज शोरूममध्ये निळी आणि पांढरी, दोन दोघांच्याही नजरेत भरल्या. किंमत जवळजवळ सारखीच. निळी एका चार्जिंगमध्ये जास्त पल्ला मारायची, पांढरी लवकर चार्ज व्हायची. "बाबा, तुम्ही सांगाल ती," लेक म्हणाली, आणि मिस्त्रींची पंचाईत झाली. इंजिनच नाही, तर ऐकायचं काय? आणि असतं तरी दोन वर्षं झाली, कान साथ देत नव्हते. हे कळलं तर आपल्याला विचारणार कोण, म्हणून घरात त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

"निळीला स्क्रू ड्रायव्हर लावला," मिस्त्री रंगात आले, "तर आतून दमेकऱ्यासारखी घरघर. विकणारा घामाघूम. म्हणाला, काका, हे आमच्या साहेबांनाही कळलं नव्हतं."

"आणि पांढरी?"

"काय?"

"पांढरी, मिस्त्री, पांढरी."

"ती म्हणजे जुळवलेला तंबोरा. सुरू केल्याबरोबर कान तृप्त झाले माझे."

लेक हात पुसत बाहेर आली. त्यांच्या अगदी समोर बसली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाबा, पांढरी बंद होती. चावी माझ्या पर्समध्ये होती."

शिंप्याला चहाचा ठसका लागला. मिस्त्री कपाचा कान चाचपू लागले.

"आणि तुम्ही कानानं काही पारखलंच नाही. दोन्ही डिक्यांच्या काठाला जमिनीपासून वीत लावून पाहिलीत, मग माझ्या दुखऱ्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलंत. सिलिंडर चढवायला पांढरी चार बोटं खाली आहे. मी गाडीच्या आरशातून बघत होते. उद्या तीच आणायची." तिनं त्यांचा कप उचलला. "पहिली फेरी कानाच्या डॉक्टरकडे. तुम्ही पुढं बसायचं."