काचेच्या खोलीतून

तिला घरात सगळे खटपटी म्हणत. मिक्सर बंद पडो, कुलूप अडको, शेजाऱ्यांच्या सायकलचा ब्रेक लागेनासा होवो, ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर. शाळा संपली तेव्हा वडिलांनी जाहीर केलं, "इंजिनिअरिंग. दुसरा विचारच नको." ते एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचे. आईचं कापडाचं दुकान होतं. ती म्हणाली, "म्हणजे हिनंही जन्मभर दुसऱ्याच्या यंत्रांना तेल घालायचं? त्यापेक्षा धंदा शिकू दे."

दोघंही हट्टी. जेवताना रोज तोच विषय निघे आणि भाजी गार होई. शेवटी खटपटीनंच एका कॉलेजचा असा अभ्यासक्रम शोधून काढला, की ज्यात इंजिनिअरिंग आणि व्यवसाय दोन्ही एकत्र शिकवत. घरात तह झाला. राहिलं फक्त कॉलेज पाहून येणं. आईवडिलांना दोघांनाही सवड मिळेना, म्हणून मावशी सोबत निघाली. मावशीचं केस कापायचं दुकान होतं आणि अनोळखी माणसाला बोलतं करण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

कॉलेजची इमारत नवी होती. खाली प्रशस्त वर्कशॉप, आणि त्याच्या वर, एका बाजूला, पूर्ण काचेची वर्गखोली. खाली यंत्रं शिकायची, वर धंदा. वरच्या बाकावर बसलं की खालचं सगळं दिसे, पण काच इतकी जाड की आवाज मुळीच येत नसे.

"हीच आमच्या अभ्यासक्रमाची गंमत," तिथले सर म्हणाले. "निर्णय घेणाऱ्याला काम दिसलं पाहिजे."

मग त्यांनी आलेल्या मुलामुलींना एक खेळ दिला. निम्मे खाली राहतील आणि पत्रा दाबून कापणाऱ्या एका छोट्या प्रेसवर डब्यांची झाकणं तयार करतील. निम्मे वर बसून त्यांचं काम पाहतील आणि ते जास्त वेगानं कसं होईल ते ठरवतील. खटपटीला वर पाठवलं. मावशी इतर पालकांबरोबर खालीच थांबली.

खटपटी काचेला नाक लावून बघत राहिली. प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली, तरच प्रेस खाली यायची. म्हणजे पत्रा ठेवा, हात बाहेर काढा, बटणं दाबा, पुन्हा पत्रा. सगळा वेळ त्यातच जात होता. तिच्या डोक्यात चटकन प्रकाश पडला.

"एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवायचं," ती म्हणाली. "मग एका हातानं प्रेस चालेल आणि दुसरा हात पत्रा सरकवेल."

बाकीचे तिच्याकडे बघतच राहिले. मग एकानं टाळी दिली, एकीनं फळ्यावर नवा वेग मांडून दाखवला. तो जवळजवळ दुप्पट होता. खटपटीला फार बरं वाटलं. तिनं टेबलावरचा फोन उचलून खाली निरोप द्यायचा, एवढंच राहिलं होतं.

फोन हातात घेऊन तिनं खाली पाहिलं, तेव्हा तिला ती बाई दिसली.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक जुनी, माणसाहून उंच प्रेस होती. रंग उडालेली, वायरी कापलेली. तिच्यापुढे निळा एप्रन घातलेली बाई पाठमोरी उभी होती आणि काम करत होती. डावा हात आत, उजवा हात बटणावर. आत, बटण, आत, बटण. ज्या चालीनं काम व्हावं असं खटपटीनं नुकतंच सुचवलं होतं, अगदी त्याच चालीनं. आणि वायरी नसलेली ती प्रेस आवाज न करता वर-खाली होत होती.

मग बाई थांबली. हळूच वळली आणि मान वर करून सरळ खटपटीकडे पाहू लागली. चेहऱ्यावर राग नव्हता. वरून काही सांगितलं जाईल आणि आपण ते करायचं, अशी वाट पाहणारा तो चेहरा होता. उजवा हात तिनं एप्रनला पुसला. डाव्या बाहीत मनगटाखाली काहीच नव्हतं.

खटपटीनं फोन ठेवला. "नको," ती म्हणाली. "असं नाही करायचं." आणि कुणी काही विचारायच्या आत जिना उतरून खाली पळाली.

कोपऱ्यात कुणी नव्हतं. जुन्या प्रेसवर धूळ होती, ग्रीस वाळून दगडासारखं झालेलं. एका बटणावर काळी टेप गुंडाळलेली होती. इतकी जुनी की ती बटणाचाच भाग वाटत होती. खटपटीनं तिला बोट लावलं. टेप कोमट होती.

मावशी मागून आली. "काय गं, तोंड असं पांढरंफटक का?"

"मावशी, इथे कुणी बाई होती?"

"होती की. आत्ता माझ्याशीच बोलत होती. इथेच कामाला असेल. केस घट्ट बांधलेले, कपाळावर एक पांढरी बट. मी म्हटलं, रंगवून देते, या एकदा दुकानात. तर हसली."

"काय बोलली?"

"वर ती काचेपाशी उभी आहे ती तुमची का, म्हणाली. म्हटलं, हो, भाची माझी. तर म्हणते, हुशार दिसते. आणि म्हणाली, आमच्या वेळी वर बसलेला तोही असाच हुशार होता."

मावशीला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. खटपटीच्या अंगावर मात्र सरसरून काटा आला.

सर खाली आले. तिनं त्यांना जुन्या प्रेसबद्दल विचारलं. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून ती मिळाली होती, एवढंच त्यांना ठाऊक होतं. "कुणी निळा एप्रन घालतं का इथे?" या प्रश्नावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या खेळात दरवर्षी कुणीतरी टेपच सुचवतं. ती सूचना मागे घेणारी तू पहिलीच."

परतीच्या बसमध्ये तिनं मावशीला सगळं सांगितलं. उतरताना मावशी म्हणाली, "तिथे जाऊ नकोस. साधं इंजिनिअरिंग कर. तुझ्या आईला मी समजावते."

खटपटीनं दोन दिवस विचार केला. मग एकदा जेवताना तिनं सांगितलं, "मी तिथेच जाणार." वडील खूश, आई खूश. फक्त त्या दिवशी जेवायला आलेली मावशी ताटातल्या भाताकडे बघत बसली.

कॉलेज सुरू झालं. पहिल्याच महिन्यात मावशी डबा घेऊन भेटायला गेली. दोघी आवारातल्या कट्ट्यावर बसल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मावशीनं विचारलंच, "दिसली का गं पुन्हा?"

"नाही."

"सुटले बाई."

"पण वरचा तास संपला की मी रोज खाली जाते," खटपटी म्हणाली. "कोपऱ्यात उभी राहिले की बाजूनं कुणीतरी विचारतं, आज काय ठरलं? अगदी हळू आवाजात."

मावशीचा घास हातातच राहिला. "मग तू काय करतेस?"

"सांगते," खटपटी म्हणाली. "जे जे ठरलं ते सगळं. ती ऐकून घेते. एखादी गोष्ट तिला पटली नाही, तर गप्प होते. मग दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन तोच विषय पुन्हा काढते."