थोरल्याच्या एकट्याच्या माथी आठ रांगा

मित्रांनो, मी एक जुनं नेटवर्क कार्ड आहे. टोंगातल्या वावाऊ बेटावर लोक जिथून परदेशी फोन करतात त्या निरोपघरात, फळीवरच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडून आहे. माझी चौकशी कोणी करत नाही, म्हणून मीच बोलतो.

माझ्या अंगात आठ रांगा आहेत. समुद्राखालच्या तारेतून माणसांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येतं आणि या रांगांत उभं राहतं. तुकडा आला की मी संगणकातल्या प्रोसेसरला हाक मारायचो, "हातातलं ठेव, आधी हे घे!" प्रोसेसरही आठ होते. संगणक चालवणाऱ्या लिनक्समधली एक छोटी सेवा, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, माझ्या हाका आठांत वाटून द्यायची. तिचं कौतुक कोणी केलं नाही, सगळं कौतुक माझं. "कार्ड कसलं, घोडा आहे घोडा!" असं निरोपघर सांभाळणारा लोपेती म्हणायचा.

मग लोपेतीच्या डोक्यात रविवार शिरला. टोंगात रविवार देवाचा, त्या दिवशी कोणी जाळं टाकत नाही, कुदळ उचलत नाही. संगणक तर तो शनिवारी संध्याकाळी बंदच करायचा. पण तो चालू होताच आपोआप उठणाऱ्या सेवा त्यात आहेत, हेही त्याला पाप वाटलं. त्याने त्या सगळ्यांचं उठणं बंद केलं. सोमवारी एकेक सेवा स्वतः चालू केली आणि नेमकी वाटप करणारी विसरला.

त्या दिवसापासून माझी प्रत्येक हाक पहिल्या प्रोसेसरवर, थोरल्यावर. तो धापा टाकायचा, सात जण रिकामे बसायचे. रांगा तुंबायच्या, तुकडे सांडायचे. ते माणसांचे शब्द होते!

म्हातारा सितालेकी रोज यायचा. त्याची बायको हेपिसिपा ऑकलंडच्या इस्पितळात होती. तिथेच राहायचं की शुक्रवारच्या विमानाने घरी यायचं, हे दोघांना ठरवायचं होतं. आणि त्याच्या कानात नुसती खरखर.

"अगं, परत बोल! लोपेत्या, तुझा घोडा लंगडा झाला की काय?"

"आजोबा, कार्ड म्हातारं झालंय. नवं मागवलंय."

"म्हातारा मीही आहे रे. नवं येईपर्यंत विमान निघून जाईल!"

मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

गुरुवारी लोपेतीची आत्या आली. कालोलाइने, शाळेत गणित शिकवणारी. आमच्याकडे आत्यापुढे भाचा मान वर करत नाही.

"नावं ठेवण्याआधी आकडे बघितलेस का रे?"

तिने पडद्यावर हाकांचा हिशेब उघडला. आठ रकाने. पहिल्यात कोट्यवधी, बाकी सातांत शून्य.

"एक मरतोय, सात बसलेत. पोरांना गवत काढायला लावलं तरी मी असं वाटप करत नाही."

"आत्या, ते रविवारचं म्हणून..."

"सातांना रोजच रविवार दिलास. आणि या पहिल्याला?"

लोपेतीने खुर्ची आत्याला दिली. तिने प्रत्येक रांगेला तिचा तिचा प्रोसेसर नेमून दिला. मग वाटप करणारी ती सेवा चालू केली आणि यापुढे आपोआप उठेल अशी सोय केली. "उठू दे तिला. देव रागावणार नाही."

सितालेकीने फोन कानाला लावला.

"अहो, येतंय का ऐकू? डॉक्टर म्हणतात, आता औषधाने फरक पडायचा नाही. मला घरी यायचंय. तुम्ही म्हणाल तर उद्या निघते."

एकही तुकडा सांडला नाही. म्हातारा म्हणाला, "ये. मी तारोचे कंद भाजून ठेवतो."

"करपवू नका म्हणजे झालं."

ती आली. मागवलेलं नवं कार्डही आलं, ते नको म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मला उपटून डब्यात टाकलं. घोडा म्हणणाऱ्याच्याच हातांनी!

मित्रांनो, कुणाला म्हातारं, निकामी म्हणण्याआधी ते आठ रकाने बघा. भार कोणावर आहे आणि बसून कोण आहे, ते बघा. एवढंही ज्याच्याने होत नाही, त्याने नवं मागवू नये.

ती दोघं आता निरोपघराच्या पायरीवर बसून बोलतात म्हणे. लोकांचे शब्द मी वर्षानुवर्षं वाहिले, पण पायरीवरचं बोलणं या डब्यापर्यंत पोचत नाही. तारेतून आलं तेवढंच माझं, आणि तिचं बोलणं आता तारेतून येत नाही.

तारो करपला की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.