मला दोनदा विचारा

मित्रांनो, तुमच्या घरात भिंतीवर एखादी तसबीर असेल, तर आधी उठून तिच्याकडे बघून या. सरळ आहे? नक्की? बरं, या, बसा. घाबरू नका, मी काही तपासनीस नाही. मी एक म्हातारी पाणसळ आहे. सुतार आणि गवंडी मला लेव्हल म्हणतात. हातभर लांबीची लाकडी पट्टी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या आणि पोटात काचेची एक नळी. नळीत पिवळसर द्रव आणि त्यात वाटाण्याएवढा बुडबुडा. बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या मधोमध थांबला की काम सरळ, इकडे तिकडे पळाला की वाकडं. माझं सगळं शिक्षण एवढंच. पण तेवढ्यावर मी आयुष्य काढलं आणि चांगलं काढलं.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे जाड चष्म्याच्या एक बाई नळ्या बसवत. नळी बसवली की त्या मला दगडी ओट्यावर ठेवून बुडबुडा पाहत. मग मला उचलून, डावं टोक उजवीकडे करून, पुन्हा त्याच जागी ठेवत. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच ठिकाणी थांबला, तर ती पाणसळ खरी. मी पहिल्याच फेरीत खरी ठरले. बाईंनी पितळेवर शिक्का मारला आणि त्या पुढच्या नळीकडे वळल्या. कौतुक एवढंच, पण मला ते बरीच वर्षं पुरलं.

दुकानातून मला ज्यांनी घरी नेलं ते छापखान्यात अक्षरं जुळवायचं काम करत. शिशाच्या त्या अक्षरांना छापखान्यात खिळेच म्हणत. त्यांची बायको हसून म्हणे, "दिवसा शिशाचे खिळे, संध्याकाळी लोखंडाचे. माझ्या नशिबी खिळेच लिहिलेत." कारण संध्याकाळी घरी आले की त्यांना एकच नाद होता. शेजारीपाजारी कुणाला तसबीर, आरसा, घड्याळ लावायचं असलं की निरोप येई आणि हे मला काखेत मारून निघत. साऱ्या गल्लीत त्यांचं नाव पडलं होतं सरळकाका. कुणाच्या घरी पाणी प्यायला जरी गेले, तरी पेला हातात घेण्याआधी ते भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत. यजमानांना राग येत नसे. काही जण तर मुद्दाम वाकडं करून ठेवत.

त्यांची पद्धत सांगते. आधी ते बोटाच्या पेराने भिंत ठोकत आणि कान लावून ऐकत. पोकळ आवाज आला तर तिथे काही टांगायचं नाही. एका खिळ्यावर तसबीर कधीच लावत नसत. म्हणत, "एका खिळ्यावर ती झोके खाते. दोघांनी धरलं की स्वस्थ बसते." भोक पाडून त्यात लाकडाचा तुकडा ठोकून बसवायचा आणि मग त्या लाकडात स्क्रू पिळायचा. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे दार आपटलं तरी चौकट जागची हलत नाही. आणि दोन स्क्रूंच्या मध्ये पेन्सिलीची रेघ मारताना मी हवीच. रेघ ते कधी पुसत नसत. "मागे कोण बघायला येतंय?" म्हणत.

तसबीर घरातली असली की शेवटची परीक्षा बायकोची. ती समोरच्या खुर्चीत बसे आणि एक डोळा मिटून सांगे, सरळ की नाही. लेक मात्र कोपऱ्यात पुस्तकात डोकं घालून बसलेली असे. "बाबा, एका तसबिरीला अख्खी संध्याकाळ?" ती पान उलटता उलटता विचारी.

"तुझ्या पुस्तकातल्या ओळी वाकड्या असत्या तर वाचलं असतंस का?" ते म्हणत. ती हसे आणि पुढचं पान उलटे.

मग एक दिवस मी पडले. चूक कुणाचीच नव्हती. स्टूल डुगडुगलं, स्वतःला सावरताना त्यांच्या हातातून मी निसटले आणि फरशीवर टोकावर आपटले. पितळी टोपीचा कोपरा चेपला. नळी फुटली नाही, पण जागची केसभर हलली. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, पाहिलं, उलट फिरवून पुन्हा पाहिलं. बुडबुडा दोन वेळा दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागला होता.

मित्रांनो, पाणसळ खोटं बोलू लागली की तिची जागा भंगारात. सरळकाकांनी मला दुकानात दाखवलं, तर दुकानदारानेही तेच सांगितलं. मी मनाची तयारी केली होती. पण ते मला घरी घेऊन आले.

"अहो, वाकडी झालेली वस्तू कशाला सांभाळायची?" बायकोने विचारलं.

"तुला चष्मा लागला तेव्हा मी तुला परत केलं का?"

"केलं असतंत तर माझ्या बाबांनी घेतलं नसतं," ती म्हणाली, आणि विषय मिटला.

त्या दिवसापासून ते माझ्याकडून एकीऐवजी दोन रेघा मारून घेऊ लागले. एका खुणेवर मला टेकवायचं, बुडबुडा मध्ये आणायचा, रेघ मारायची. मग मला उलट फिरवून त्याच खुणेवरून दुसरी रेघ. दोन्ही रेघा एका टोकाला जुळलेल्या, दुसऱ्या टोकाला किंचित फाकलेल्या. माझी चूक एकदा वर जाई, एकदा तेवढीच खाली. म्हणून दोन्हींच्या बरोबर मधून ते तिसरी रेघ ओढत. ती अगदी सरळ असे. "हिला दोनदा विचारायचं," ते पुटपुटत, "मग ही खोटं बोलूच शकत नाही." खरं सांगू? मी धडधाकट होते तेव्हाही कुणी माझ्यावर इतका विश्वास टाकला नव्हता. पुढची सारी वर्षं मी अशीच काम करत राहिले आणि गल्लीतली एकही तसबीर वाकडी लागली नाही.

मागच्या हिवाळ्यात सरळकाका गेले. थोडे दिवस आजारी होते, मग नव्हते. मी खणात होते. खण बरेच दिवस उघडला नाही.

तो उघडला लेकीने. तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी राहत होती. आईपाशी राहायला आली होती. तिच्या हातात मी आले आणि क्षणभर चकलेच, कारण अंगठा तोच, रुंद आणि आखूड. वडिलांच्या फोटोला तिने चौकट करून आणली होती आणि तो आईच्या खुर्चीसमोर लावायचा होता. आई म्हणाली होती, "मला रोज समोर दिसू देत. बाकी काही नको." लेकीने ते काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

फोटो कसा होता ते सांगायला हवं. त्यात सरळकाकांची मान किंचित कललेली होती. फोटो काढणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर काहीतरी वाकडं लागलेलं असणार. दुसरं कारण असूच शकत नाही.

लेकीने बाकी सगळं नीट केलं. भिंत ठोकून ऐकली, दोन भोकं घेतली, लाकडाचे तुकडे बसवले, कोपऱ्यांना ट्यूब चिकटवली. पुस्तकाआडून तिने किती पाहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं. पण भोकांची जागा ठरवताना मला मात्र तिने एकदाच टेकवलं. बुडबुडा मध्ये आला, तिने रेघ मारली. मला ओरडावंसं वाटलं, उलटं कर गं मला. पण पाणसळीला तोंड नसतं.

फोटो लागला. आईने एक डोळा मिटला.

"उजवीकडे कललेत."

मदतीला आलेली आत्या म्हणाली, "वहिनी, चौकट सरळ आहे. दादाची मानच वाकडी आहे त्यात."

"मान त्यांची आहे, ती मला पाठ आहे. चौकट कललीय."

"आई, बुडबुडा अगदी मध्ये होता," लेक म्हणाली.

"असेल," आई म्हणाली. "पण असं रोज समोर बसून मला बघवणार नाही. काढून ठेव, बाळ. राहू दे."

राहू दे, हे तिने अगदी शांतपणे म्हटलं. लेकीने फोटो काढून पलंगावर ठेवला. मला उचलून ती भंगाराच्या पिशवीकडे गेली आणि मध्येच थांबली. परत आली. शेजारची होडीच्या चित्राची तसबीर तिने भिंतीवरून उतरवली. बाबा कसं करायचे, ते बघायला.

मागे भिंतीवर पेन्सिलीच्या दोन फिकट रेघा होत्या, एका टोकाला जुळलेल्या, दुसरीकडे फाकलेल्या. मधून तिसरी, ठळक. स्क्रू तिसरीवर. तिने पुढची तसबीर उतरवली. पुन्हा तीन रेघा. सर्वांत जुना, आईबाबांच्या लग्नाचा फोटो उतरवला. तिथे मात्र एकच रेघ.

"काय शोधतेस?" आत्याने विचारलं.

 लेकीने मला उजेडात धरलं आणि चेपलेल्या टोपीवरून अंगठा फिरवला. मग आपल्या चुकलेल्या रेघेवर मला उलट फिरवून टेकवलं. बुडबुडा डावीकडे धावला.  तिने नाक पुसलं, बुडबुडा मध्ये आणला आणि दुसरी रेघ मारली. दोन्हींच्या मधून तिसरी. उजवीकडचं भोक बुजवलं, तिसऱ्या रेघेवर दोन बोटं अलीकडे नवं घेतलं. उतरवलेल्या सगळ्या तसबिरी परत लावल्या. वडिलांच्या रेघा तिने पुसल्या नाहीत. स्वतःच्याही नाहीत.

आईने एक डोळा मिटला. मग तो उघडून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "आता बसले नीट."

"मान?" आत्याने विचारलं.

"मान कलू दे. त्यांना तुझ्यामागचं कॅलेंडर दिसतंय."

आत्याने वळून पाहिलं. कॅलेंडर वाकडं होतं. तिघी हसल्या. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं. आत्याने उठून ते सरळ केलं.

मी आता खणात असते, सरळकाकांच्या जुन्या लोकरी मफलरात गुंडाळलेली. सुखात आहे. परवाच शेजारच्या काकूंना आरसा लावायचा होता. त्या दाराशी येऊन घुटमळल्या, कुणाला विचारावं ते त्यांना कळेना. लेकीने मला काखेत मारलं आणि ती निघाली.

मित्रांनो, मी म्हातारी झाले म्हणून थोडं शिकवते, राग मानू नका. तसबीर लावाल तेव्हा तिला दोन आधार द्या. भिंत बोलते ते ऐका. आणि घरातली एखादी जुनी वस्तू, किंवा एखादं जुनं माणूस, चुकीचं सांगतंय असं वाटलं, तर लगेच पिशवी उघडू नका. जरा फिरवून, पुन्हा एकदा विचारा.

काकूंनी परवा तेच पाहिलं. लेकीने एक रेघ मारली आणि मला उलट फिरवलं. "अगं, एकदा मोजलंस ना?" काकू म्हणाल्या.

"हो," रेघेवरची नजर न काढता ती म्हणाली. "पण हिला दोनदा विचारायचं असतं."

तेव्हा माझा बुडबुडा जरासा थरथरला. मग मध्ये आला.