माझ्या पाठीमागे पडलेले चार लेख

मित्रांनो, मी एक जुने, चार खणांचे पोलादी कपाट आहे. तंत्रशाळेच्या पहिल्या मजल्यावर, भाषा विभागाच्या खोलीत, खिडकीच्या डाव्या हाताला मी गेली एकोणीस वर्षे उभे आहे. आमच्यासारख्यांनी आपली कहाणी सांगताना माणसांच्या निष्काळजीपणाची तक्रार करायची असते. मला ती सोय नाही. माझ्याच हातून एक अपराध घडला आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. कापणे, वाकवणे, जोडणे, रंग भाजणे ही कामे क्रमाने आणि नीट झाली. केवळ तिसऱ्या खणाची मागची बाजू दोन बोटे ठेंगणी राहिली. तपासनीसाने खण दोनदा आत-बाहेर केला आणि म्हणाला, “सरकतोय ना? मग झालं.” मलाही वाटले, पाठ कोण बघणार आहे?

विभागात माझे फार कौतुक झाले. तेथील कारकुनांना सगळे भाऊसाहेब म्हणत. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की, या कपाटात गेलेला कागद हरवत नाही. ते ऐकून मी फुगत असे. पत्र्याने फुगणे बरे नव्हे, हे मला उशिरा कळले.

पुढे भाषा शिकवणाऱ्या बाईंनी एक संशोधन हाती घेतले. घरी एक भाषा बोलणाऱ्या आणि अभ्यासासाठी दुसरी वापरावी लागणाऱ्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय लेखन कसे शिकवावे, हा त्यांचा प्रश्न होता. निरीक्षण मांडायचे, त्याला आधार द्यायचा, आपले मत पटवून द्यायचे, आणि हे सारे परक्या भाषेत! सायंकाळच्या वर्गातील चोवीस जणांचे त्यांनी दोन गट केले. पहिल्या गटाला प्रत्येक लेखाच्या समासात शेरे लिहून मिळत. दुसऱ्या गटाचे लेख सत्र संपेपर्यंत न वाचता माझ्या तिसऱ्या खणात राहत. त्यांना शेरे मिळायचे ते शेवटी, एकदम. शेऱ्यांनी किती फरक पडतो, ते अशा तुलनेतून कळणार होते. पक्षपात नको म्हणून लेखावर नाव नसे, फक्त क्रमांक. तो कोणाचा, हे भाऊसाहेबांनाच ठाऊक असे.

चोविसावा क्रमांक कार्यशाळेतील मदतनीसाचा होता. त्यांना सारे मामा म्हणत. वय सेहेचाळीस. यंत्राच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखणारा हा माणूस, पण परक्या भाषेत चार ओळी लिहायच्या म्हटले की त्यांना घाम फुटे. आठ लेख पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तर त्यांना कार्यशाळेत निदेशक म्हणून शिकवता येणार होते. ते भाऊसाहेबांना म्हणत की, वीस वर्षे मुलांच्या हातात हत्यारे देत आलो. आता नट का ढिला होतो, ते सांगायचे आहे. जेवणाच्या सुट्टीत कामाच्या टेबलावरच ते लिहीत. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटलेला असे.

फायली क्रमाने लावलेल्या असल्यामुळे त्यांची फाइल सर्वांत मागे होती. चार लेखांनंतर खण गच्च भरला. भाऊसाहेबांनी तो जोर लावून ढकलला, तेव्हा मामांचा पाचवा लेख ठेंगण्या पत्र्यावरून घसरून माझ्या तळाशी पडला. मला तो जाणवला. बोलता येत नसले, तरी मला करकरता येत होते. मी करकरले नाही, कारण भाऊसाहेब त्याच वेळी एका पाहुण्याला माझी कीर्ती सांगत होते. सहावा, सातवा आणि आठवा लेखही त्याच वाटेने गेले.

सत्र संपले. बाईंनी निष्कर्षात लिहिले, ‘क्रमांक चोवीस : चार लेखांनंतर लिहिणे सोडले.’ प्रमाणपत्र नाकारले गेले, तसे मामा धावत वर आले. भाऊसाहेब उखडले. आपल्या हातून आजवर चिटोरेही हरवलेले नाही, असे त्यांनी सुनावले. बाईंनी खण अडेपर्यंत ओढला आणि फाइल दोनदा चाळली. खण रुळावरून उचलून पाहायला दोन माणसे आणि दहा मिनिटे लागली असती. अहवाल दुसऱ्याच दिवशी जायचा होता.

“मामा, जमलं नसेल तर तसं सांगा,” बाई समजुतीने म्हणाल्या. “त्यात लाज कसली?”

मामांनी उघडा खण हाताने आत ढकलला. मग म्हणाले, “मी आठही दिलेत, बाई. पण तुमच्या कपाटाला खोटं कोण म्हणणार?”

ते जिना उतरून गेले. त्यानंतर त्यांनी कधी लेख लिहिला नाही.

बाईंचा अहवाल मात्र दूरदूर वाचला गेला. शेरे न मिळालेला विद्यार्थी मध्येच लेखणी खाली ठेवतो, याचे उदाहरण म्हणून ‘क्रमांक चोवीस’ किती वर्गांत सांगितला गेला असेल, याचा हिशेब मला लागत नाही. भाऊसाहेब निवृत्त झाले. माझा रंग उडाला, कुलूप बिघडले, त्याच जागी उभे असून मी अडगळ ठरले. मला त्याचे वाईट वाटले नाही. मला ते पुरेसेही वाटले नाही.

अकरा वर्षांनी तिसऱ्या खणाचा रूळ तुटला. दुरुस्तीला मामाच आले. त्यांनी खण उचलून बाजूला ठेवला, आत हात घातला आणि चार लेख बाहेर काढले. कोपऱ्यावरचे अंगठे त्यांनी लगेच ओळखले. त्यांनी ते बाईंच्या टेबलावर ठेवले.

बाईंनी ते उभ्यानेच वाचले. पाचव्या लेखात कार्यशाळेतला पंप वारंवार का बंद पडतो, याची मांडणी होती. नोंदी होत्या, आकृती होती, आधार होता. पाठीमागे पेन्सिलीने लिहिले होते, ‘माझं म्हणणं पुस्तकाच्या विरुद्ध जातंय. लिहू का?’

“लिहायलाच हवं होतं,” बाई म्हणाल्या. “तुमचं बरोबर होतं, मामा.”

“ते कळलं मला. पंप मीच दुरुस्त केला ना,” मामा हसले. “निदेशक व्हायचं वय मात्र गेलं.”

बाई खाली बसल्या आणि ज्या नियतकालिकात अहवाल छापला होता, त्याला दुरुस्तीचे पत्र लिहू लागल्या. पूर्ण झाल्यावर त्यांनी तो कागद मामांपुढे सरकवला आणि कुठे कमी पडते ते सांगा, अशी विनंती केली. मामांनी सावकाश वाचले. ‘चार लेख त्या वेळी सापडले नाहीत,’ या वाक्याखाली त्यांनी रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘आम्ही नीट शोधले नाहीत, असं लिहा.’

बाईंनी आपले वाक्य खोडले आणि त्यांचे लिहिले.

मित्रांनो, मला माझे काहीच खोडता येत नाही. म्हणून एवढेच मागते. माझ्या रुळांना तेल देऊ नका, रंगही लावू नका. पण एखादा माणूस ‘मी दिलं होतं’ म्हणाला, तर त्याच्यासमोर माझ्यासारख्याची साक्ष काढू नका. दहा मिनिटे लागतात. खण उचलून पाहा.