सीलचा पारखी

बोईसरच्या त्या सरबताच्या कारखान्यात अक्कल एकट्या भाग्येशलाच होती, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. मेंटेनन्स त्याच्याकडे होतं, डोळा मात्र प्लांट मॅनेजरच्या रिकाम्या खुर्चीवर. पाइपांच्या जोडांतली रबरी सीलं सारखी खराब व्हायची. यंत्रं धुवायला गरम कॉस्टिक सोडा फिरवायचा, मग ॲसिड. त्यात जुन्या रबराचा काळा भुगा सुटून सरबतात उतरायचा. भाग्येशने ईपीडीएम नावाचं रबर निवडलं. निवड खरंच बरोबर होती, म्हणून तर तो आणखीच फुगला.

"याला कॉस्टिक चालतं, ॲसिड चालतं," खरेदी बघणाऱ्या वैभवीला त्याने ऐकवलं. "तेल आणि डिझेलचं तेवढं वावडं. लिहून घ्या मॅडम, तुमच्या डोक्यात राहायचं नाही."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. शहाण्याने पान्यांबरोबर नवी सीलंही परातीत डिझेलमध्ये टाकली, देवापुढे कशी चकाकली पाहिजेत! हळदकुंकू वाहिलं, फोटो काढून कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी त्याच्या हाताखालचा भिका परात उचलायला आला आणि स्वतःच थबकला.

"दसऱ्यापरेंत हात लावायचा नाय, सायेब."

"मग? रीत म्हणजे रीत," भाग्येश म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठं गिऱ्हाईक तपासणीला आलं. सीलं फुगून खोबणीत बसेनात, तरी भाग्येशने ती ठोकून बसवली. पंप सुरू होताच जोडांतून सरबत गळू लागलं. पाहुण्याने ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

मालक रामकिसन तापले. "हे रबर कुणी निवडलं?"

भाग्येशची पाचावर धारण बसली. "वैभवी मॅडमनी," तो म्हणाला. जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवायची.

वैभवी तोंड उघडणार, तोच पाहुण्याने एक सील काढून हुंगलं. "निवड चोख आहे. धुलाईला याहून चांगलं रबर नाही. पण हे डिझेलात बुडवलं कुणी?"

भिकाने फोनवरचा पूजेचा फोटो मालकांपुढे धरला. परातीमागे भाग्येश हात जोडून हसत होता.

रामकिसननी फोटो नीट पाहिला. "वैभवीबाई, रबराची एवढी पारख तुम्हाला आहे, तर उद्यापासून प्लांट तुम्हीच सांभाळा. भाग्येशराव, तुम्हीच सांगितलंत, बरं झालं."