लायनेलचा स्वस्तातला डबा

लायनेल फेलोजचा मला राग येतो म्हटलं की आमच्या 'बोटमन' पबातले लोक हसतात. हसा लेको! पंधरा वर्षं टीमचा शेवटचा नेम या हॉरेस ट्रँटरने धरला, आणि एका हिवाळ्यात तो मान कुठल्याशा उपटसुंभाला गेला. मग काय मी त्याची आरती ओवाळायची होती?

आमच्या डडली गावाकडे कुणालाही विचारा, शेवटचा नेम म्हणजे काय ते. भिंतीशी लोखंडी थाळी, थाळीच्या मधोमध करंगळीचं टोक जाईल एवढं भोक, भोकाभोवती गुणांची वर्तुळं, भोकामागे घंटा. एअरगनचा छर्रा भोकातून गेला तर घंटा वाजते, नाही गेला तर समोरची टीम खोकते. मुद्दाम. शेवटी जो उभा राहतो त्याच्यावर सगळा सामना लटकलेला असतो, म्हणून तिथे सगळ्यात भरवशाचा माणूस लागतो. तो मी होतो.

आणि लायनेल कोण? विलेनहॉलच्या कुलुपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, विधुर, हसला की गालाला खळी पडणारा. साठीच्या माणसाला खळी हवीच कशाला? बंदूक त्याच्या बापाच्या वेळची. आणि छर्रे कुठले, तर सायकलच्या दुकानात पंक्चरच्या सामानाशेजारी पत्र्याचा डबा मिळतो ना, पोरं पक्ष्यांमागे धावायला घेतात, तो! मी जर्मन वापरतो. खास स्पर्धेचे. त्याच्या चार डब्यांच्या किमतीत माझा एक येतो. तरी हा बाबा यायचा, डब्यात दोन बोटं घालायचा, हाताला येईल तो छर्रा नळीत ठेवायचा आणि घंटा वाजवायचा. न बघता! माझ्या तर अंगाचा तिळपापड व्हायचा.

थाळीजवळ माझी बायको असायची. एडना. प्रत्येक नेमानंतर थाळीला पांढऱ्या रंगाचा ब्रश फिरवायचा, म्हणजे पुढच्याचा डाग स्पष्ट दिसतो, आणि गुण ओरडून सांगायचे, हे काम तिचं. माझा छर्रा भोकाच्या कडेला न शिवता आरपार गेला तर ती म्हणायची, "साफ." बटाट्याचा भाव सांगावा तसं. त्याचा गेला की, "साफ, लायनेल!" नाव घेऊन! आता तुम्ही म्हणाल, एवढ्या-तेवढ्यावरून कशाला जीव जाळायचा. तुमची बायको नव्हती तिथे.

मी ॲमॉसकडे तक्रार केली. पब त्याचा आणि टीमचा कप्तानही तोच. "नाव कसलं घेते ती?" मी म्हटलं.

"तू पण खळी पाड, तुझंही घेईल," ॲमॉस म्हणाला, आणि माझ्या ग्लासात बिअर ओतत राहिला.

घरी दर रविवारी एडना माझे छर्रे निवडायची. स्वयंपाकघराच्या टेबलावर काच किंचित तिरकी ठेवायची आणि एकेक छर्रा सोडायची. ज्याचा घेर चेपलेला असेल तो भलतीकडे घरंगळतो, त्याला बाजूला काढायचं. तिच्यासारखा हात कुणाचा नाही. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी तिला वाकडा घेर कळतो. जर्मन छर्रे आणि त्यात एडनाने निवडलेले, म्हणूनच मी पंधरा वर्षं शेवटी उभा राहिलो. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. घरच्या माणसाला काय सांगायचं त्यात!

फेब्रुवारीतली गोष्ट. बुधवारी दुपारी एडना बहिणीकडे, ऑलिव्हकडे जायची. त्या दिवशी परत आली, चहा ओतायला लागली, आणि माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. अंगठा आणि पहिलं बोट करडं झालेलं, रविवारी माझे छर्रे निवडल्यावर होतं तसं.

"शिसं आहे ते," मी म्हटलं.

"असेल."

"ऑलिव्हकडे शिसं कुठनं आलं?"

"बटाटे सोलले तिच्याकडे."

"बटाट्याला शिसं लागतं होय?"

"हॉरेस, चहा पी. गार होतोय."

चहा कसला पितोय! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्वस्तातले छर्रे असे सरळ जातातच कसे? निवडलेले असतात म्हणून! आणि निवडतं कोण? माझी बायको! दुसऱ्या बायका काय करतात, परपुरुषाबरोबर सिनेमाला जातात, कालव्याकाठी फिरतात. ते परवडलं. पण दुसऱ्या पुरुषाचे छर्रे निवडायचे? काचेवर, एकेक करून, त्याच्या घरी बसून? त्या रात्री मला झोप लागली असेल तर शपथ.

तरी मी न्यायाने वागलो. दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानातून तसलाच डबा आणला. शेडमध्ये माझी बंदूक शिकंज्यात घट्ट आवळली, कागद लावला आणि झाडले. जर्मन सगळे एकाच भोकात. स्वस्तातले मात्र जॅमच्या बरणीच्या झाकणाएवढे पसरले. कागद घडी करून खिशात घातला. पुरावा हातात आला होता, आणि खरं सांगतो, त्या वेळी मला आनंदच झाला.

शुक्रवारी अंतिम सामना होता, म्हणून गुरुवारी संध्याकाळी सराव. लायनेलने पहिल्याच फटक्याला घंटा वाजवली. "साफ, लायनेल!" एडना म्हणाली. झालं! मी उठलो आणि कागद टेबलावर आपटला.

"बघा. हा याचा माल. असल्या मालाने घंटा वाजते होय? याचे छर्रे निवडलेले आहेत, आणि निवडणारी तिथे ब्रश घेऊन उभी आहे!"

खोलीत कुणी हसलं नाही. लायनेलची खळी गेली. तेवढं तरी पदरात पडलं.

ॲमॉसने कागद उचलला. "बंदूक कुठली होती?"

"माझी."

"पंधरा वर्षं त्या नळीच्या पोटात जर्मन शिसं आहे. नवा माल घातल्यावर किती झाडलेस?"

"पाच-सहा."

"पाच-सहा?" ॲमॉसने कपाळावर हात मारला. "अरे, नळी धुतली नाहीस, नव्या शिशाची सवय लावली नाहीस, आणि पुरावा म्हणून आणतोस? शाळकरी पोरगं करणार नाही असं. ज्याच्या-त्याच्या नळीला जे मानवतं ते मानवतं. तुझी जर्मन मागते, त्याच्या बापाची हे स्वस्तातले मागते."

"मग नवा डबा फोडा," मी म्हटलं. मागे कसा हटणार?

ॲमॉसने काउंटरमागून कोरा डबा आणला आणि माझ्यासमोर सील तोडलं. लायनेल उभा राहिला. न निवडता, न बघता छर्रे भरत आणि झाडत गेला. घंटा, घंटा, घंटा. मग एक छर्रा पार खाली चारच्या वर्तुळात गेला.

"डब्यात एखादा नालायक निघतोच," लायनेल म्हणाला. "निघाला तर निघाला." आणि पुढची घंटा वाजवली.

"ते असू दे," मी ओरडलो. आवाज चिरकला माझा. "मग हिच्या बोटांना शिसं कसलं? दर बुधवारी? सांग ना आता!"

एडनाने ब्रश रंगाच्या डब्यावर आडवा ठेवला. थाळीपासून चालत आली. लायनेलने बंदूक तिच्या हातात दिली. तिने डब्यात दोन बोटं घातली आणि अंगठ्याने छर्रा नळीत दाबला. खांदा असा लावला, जणू जन्मभर तेच करत आलीय. घंटा वाजली. पुन्हा भरली, पुन्हा वाजली. थाळीपाशी गुण सांगायला कुणीच नव्हतं. ॲमॉस तर ग्लास पुसत होता, त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे त्याने हे आधी पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"बुधवारी दुपारी पब बंद असतो," एडना म्हणाली. "ॲमॉस मागचं दार उघडून देतो."

आम्ही कालव्याच्या कडेने घरी निघालो. मग मीच म्हटलं, "मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. म्हटलं, एक मारू दे. तू म्हणालास, जर्मन आहेत एडना, वाया जातील."

"मी असं म्हणालो?"

"पुढच्या वर्षी पुन्हा म्हणालास. मग मी विचारायचं सोडलं."

"आणि तो? तो काय म्हणाला?"

"काही नाही. मी ब्रश धुवत होते, थाळीकडे बघत होते. त्याने डबा पुढे केला. म्हणाला, घे, संपले तर दुसरा आणू."

एवढंच! त्याने तिचा हात धरला असता तर मी त्याचं नाक फोडलं असतं आणि मोकळा झालो असतो. आता फोडू कुणाचं? मी चालत राहिलो, आतल्या आत जळत. लायनेलवर जळत होतो की तिच्या त्या दोन घंटांवर, ते माझं मलाच कळेना.

घर आलं. तिने किल्ली काढली. मला राहवेना.

"किती मारलेस गं आजवर?"

"मोजले नाहीत," एडना म्हणाली. "स्वस्तातले मोजावे लागत नाहीत, हॉरेस."